रायतूरची पाठशाळा

आमच्या रेडीच्या यशवंतगडाला आता वडाच्या मुळांनीच धरून ठेवले आहे. शाळेतली मुले घेऊन मी दरवर्षी तिथे जातो. मागे एकाने विचारले, "गुरुजी, ह्या गडार मागीर कोण रवाक कसो नाय इलो?" मला उत्तर सुचेना.

त्याच सुटीत तेरेखोलची खाडी ओलांडून मी थेट सासष्टीत गेलो आणि जुवारीकाठचे रायतूर पाहिले. लोक त्याला राशोल म्हणतात. तिथला किल्ला गेला, वेस तेवढी उरली; पण टेकडीवरची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडविणारी पाठशाळा, अजून नांदती आहे.

तिचा पाया जेझुइटांनी १६०६ साली घातला. त्याआधी, १५६७ मध्ये, याच किल्ल्याच्या कप्तानाने सासष्टीतली देवळे पाडविली होती. त्या धामधुमीच्या वर्षांत कित्येक देव जुवारीपलीकडे गेले. दारात शिरताना माझे पाऊल अडखळले, खोटे कशाला सांगू?

आणि इथेच १६१६ साली छापले गेले ते मराठी पुराण! फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. धर्म बदलला तेव्हा ज्यांचे पुराणश्रवणही सुटले, त्यांच्यासाठी ते होते. देवनागरी खिळे नव्हते; ओवी रोमन लिपीत उमटली. पुढे १६८४ साली देशी भाषेविरुद्ध सरकारी फर्मान निघाले, ती गोष्ट निराळी.

१७५९ साली पोर्तुगालने जेझुइटांना हाकलले. वास्तू ओस पडायची. पण १७६२ साली तिथे धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली. १९९४ साली त्याच भिंतींआड ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले, ते नंतर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात हलले. माणसे बदलली, चूल विझली नाही.

मी छापखान्याची खूण शोधत फिरलो. एक खिळासुद्धा दिसला नाही. त्या छापील प्रतीही आता आढळत नाहीत. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापला, म्हणून तो वाचायला मिळतो.

परतल्यावर वर्गात त्यातल्या काही ओव्या वाचल्या. मागच्या बाकावर हसू फुटले. "गुरुजी, ह्यो आमच्या आजयेचो शब्द!"

देवळांची गोष्टही त्याच तासाला सांगितली. गडावरचा तो मुलगा उभा राहिला. "मगे ते देव परत इले?"

नाही, म्हटले. मंगेश आणि शांतादुर्गा अजून फोंड्यातच आहेत.