जोती तीन, सातबारा एक

आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांचं मूळ घर कोकणात. "गावी आता कोणी नाही, घर पडलं," हे वाक्य जिन्यात, गच्चीवर कितीदा ऐकलंय! आमचं गुहागर तालुक्यातलं घरही असंच पडलं. जमीन विकायचा विषय निघाला, तेव्हा तिथे कोण कोण राहून गेलं याचा आधी शोध घ्यायचं मी ठरवलं.

कोकणातलं घर एकदम पडत नाही. चुलीचा धूर थांबला की वाळवीचं फावतं. वासे खचतात, कौलं सरकतात, पाणी मातीच्या भिंतीत मुरतं. चार-पाच पावसाळ्यांत उरतं ते जांभ्याचं जोतं. रान तोडल्यावर आमच्या जागेत अशी तीन जोती निघाली. वरचं मोठं, पुढे तुळशीवृंदावन. पाखाडीने खाली उतरलं की गडग्याला लागून दोन लहान. विहीर तिघांत एकच. घरात मात्र आम्ही कायम एकाच घराच्या गोष्टी ऐकल्या होत्या.

मग कागद काढले. आजच्या सातबाऱ्यावर आमची १९ नावं. पण खरी माहिती मिळाली जुन्या फेरफारांत आणि 'इतर हक्क' या रकान्यात. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. आमच्या खालच्या भातखाचराचा फेरफार त्यातलाच. दुसरं जोतं त्या कुळाचं. आमच्या घराण्याची एक शाखा इंदूरला गेल्याचं कळलं ते त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून. पणजोबांनी तिथे स्वतः मोडीत भावांची नावं लिहून ठेवली होती.

तिसऱ्या जोत्याचा कागदच नाही. बागेला शिंपणं करणाऱ्या गड्याचं ते घर. ना मालक, ना कूळ. मग नोंद होणार कुठे? शेजारच्या वाडीतल्या आजींनी सांगितलं, "त्येंचा झील मुंबयला गिरणीत लागला, मग म्हातारीपण गेली." १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याची नोकरी गेली. नातू आता चिपळूणला रिक्षा चालवतो. त्याला भेटलो. विहिरीजवळची बकुळ आजीने लावलेली, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. "जागा विकलात तरी वर्षातून एकदा दिवा लावायला येऊ द्या," एवढंच तो म्हणाला.

आता प्रश्न आमच्यापुढे आहे. जमीन विकली की कुंपण पडणार. पाखाडी आणि विहीर आत जाणार. विक्रीआधी मोजणी करून तिसरं जोतं वेगळं काढावं आणि विहिरीच्या वाटेचा हक्क खरेदीखतात लिहावा, असं मी सुचवलंय. १९ पैकी १७ जण तयार आहेत. दोघांचं म्हणणं, "कागदावर नाही त्याला कसला हक्क?" मी अजून त्यांची समजूत घालतोय.

मे महिन्यात तुम्ही गावी जाल, तेव्हा सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार आणि ग्रामपंचायतीचा घरांचा नमुना ८ जरूर काढा. आणि वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा. मालकांची नावं तलाठ्याकडे मिळतील. बाकीची त्यांच्याचकडे आहेत, आणि ती माणसं आता थोडी उरलीत.