परदेशी एटीएममधली कपात

सांगली-साताऱ्याकडच्या खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतले गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या भट्ट्या घेऊन देशभर पसरले. काही घरे नेपाळातही स्थिरावली. त्यांच्याकडे जाणाऱ्याची परदेशात कार्डावर रोकड काढताना खरी कपात किती होते, हे पाहायला नेपाळ हे स्वच्छ उदाहरण आहे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. काठमांडूत १६,००० नेपाळी रुपये काढले, तर गावाकडे विट्यातल्या खात्यातून १०,००० च्या वर जे वजा होईल ती सगळी कपात. डॉलर, युरोचा दर रोज हलतो, म्हणून तिथे तीच कपात दरात दडून जाते.

तिचे घटक वेगळे केल्याशिवाय उपाय सापडत नाही. आपली बँक दर वेळी ठरावीक शुल्क घेते. शिवाय चलनबदलावर टक्का घेते. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. तिथल्या एटीएमचे शुल्क निराळे. समजा, ठरावीक शुल्क १५० रुपये आणि टक्का साडेतीन. जीएसटी धरून हे १७७ रुपये आणि ४.१३ टक्के होतात. पाच हजार काढले तर ३८३ रुपये ५० पैसे गेले, म्हणजे साडेसात टक्क्यांहून जास्त. एकदम वीस हजार काढले तर १,००३ रुपये, पाच टक्के. तेच वीस हजार चार वेळा मिळून काढले तर १,५३४ रुपये. म्हणजे मोठी रक्कम एकदाच काढल्याने ठरावीक शुल्क विरळ होते. टक्का मात्र तसूभर हलत नाही. तो कमी करायचा तर कार्डच बदलावे लागते, आणि ते काम निघण्याआधी साताऱ्यात-सांगलीतच उरकायला हवे.

दुबईला मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांनी दिरहम भरलेले फॉरेक्स कार्ड घेतले, तर दिरहम काढताना चलनबदलाचा टक्का लागत नाही. एटीएमचे शुल्क लागू शकते. क्रेडिट कार्डाने रोकड काढणे सर्वांत महाग, कारण व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. आपल्या सहकारी बँकेचे कार्ड परदेशात चालते का, हेही शाखेत विचारावे. शिवाय १ ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशात चालू स्थितीत मिळते. परदेशातला वापर आपण सुरू करून घ्यावा लागतो. हे राहून गेले की विमानतळावरच्या महागड्या काउंटरवर नोटा बदलण्याची वेळ येऊ शकते.

सगळ्यांत फसवी कपात एटीएमच्या पडद्यावर होते. पिन टाकल्यावर यंत्र विचारते: रुपयांत हिशेब करू की दिरहममध्ये? समोर रुपयांचा आकडा दिसतो, ओळखीचा वाटतो, आणि बोट तिकडे जाते. त्या आकड्यामागचा दर त्या यंत्रवाल्याने ठरवलेला असतो आणि बहुधा कार्डाच्या नेटवर्कच्या दरापेक्षा बराच वाईट. ‘विदाउट कन्व्हर्जन’ निवडावे. त्याने व्यवहार रद्द होत नाही, पैसे मिळतात.

शुल्क वाचवायचे म्हणून वारेमाप रोकड काढणेही परवडत नाही. उरलेल्या नोटा परत रुपयांत करताना खरेदी-विक्रीच्या दरांतला फरक पुन्हा आपल्याच खिशातून जातो. म्हणून हॉटेल, तिकिटे कार्डावर भागवावीत आणि टॅक्सी, चहापाणी, देवदर्शन एवढ्यांचाच अंदाज धरून एका वेळची रक्कम ठरवावी.