समुद्रकिनाऱ्यावरचं ‘चाच्यांचं मिनीगोल्फ’ : खेळ कसा, कुठं आणि त्यामागची गोष्ट काय? वाचा सविस्तर

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नाहीतर इंग्लंडमध्ये नोकरीला आणि आई-वडील चार-सहा महिन्यांसाठी तिकडे, हे चित्र आता तालुक्याच्या गावांतूनही दिसतं. सुट्टीला नातवंडं आजी-आजोबांना समुद्रावर नेतात. तिथं रस्त्याच्या कडेलाच मोठं लाकडी जहाज, निळंशार पाणी, तोफा आणि कवटीचं काळं निशाण दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला जत्रेतला देखावा वाटतो. पण आत लोक हातात काठी घेऊन चेंडू ढकलत असतात. हेच ते समुद्री चाच्यांच्या देखाव्याचं मिनीगोल्फ. पहिलीतल्या पोरापासून सत्तरीतल्या आजीपर्यंत सगळ्यांना एकत्र खेळता येईल असे खेळ थोडेच, त्यातला हा एक. म्हणून त्याची ही माहिती.

मिनीगोल्फ म्हणजे काय?

मोठ्या गोल्फला शेकडो एकर जमीन आणि पिशवीभर काठ्या लागतात. मिनीगोल्फला एकच काठी. तिला पटर म्हणतात. चेंडू हवेत मारायचा नाही, जमिनीवरून ढकलत होलपर्यंत न्यायचा. साधारण 18 होल असतात. प्रत्येक होलच्या वाटेत चढ-उतार, वळण, पूल, बोगदा, पाणी अशी काहीतरी अडचण ठेवलेली असते. सगळ्यात कमी फटक्यांत 18 होल पूर्ण करील तो जिंकला. म्हणजे इथं आकडा जितका कमी, तितका चांगला.

सरकीच्या टरफलांनी बदलला खेळ

कापूस उत्पादकांना गंमत वाटेल अशी गोष्ट या खेळाच्या इतिहासात आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथं 1867 मध्ये महिलांचा पटिंग क्लब निघाला, तिथं हिरवळीवर फक्त पटरने खेळत. पण हिरवळ राखायची तर पाणी, कापणी, माणसं, सगळाच खर्च. मेक्सिकोत कापूस पिकवणाऱ्या थॉमस फेअरबेर्न या इंग्रजाने 1922 च्या सुमारास यावर तोड काढली. सरकीची टरफलं भरडून त्यात वाळू, तेल आणि हिरवा रंग मिसळायचा आणि तो थर दाबून बसवायचा. चेंडू त्यावर गवतासारखाच पळायचा. त्याने त्याचं पेटंटही घेतलं.

पुढं अमेरिकेत लुकआउट माउंटन इथल्या गार्नेट कार्टर यांनी ‘टॉम थम्ब गोल्फ’ नावाने असली मैदानं विकायला सुरुवात केली. 1930 पर्यंत अख्खी अमेरिका या खेळाच्या मागं लागली होती. न्यूयॉर्कमध्ये तर इमारतींच्या गच्च्यांवर मैदानं झाली. मंदीच्या काळात थोड्या पैशांत करमणूक होत होती, म्हणून लाट आली आणि तशीच लवकर ओसरलीही.

मग चाचे आले कुठून?

समुद्रावर येणारं गिऱ्हाईक म्हणजे मुलंबाळं असलेलं कुटुंब. त्याला थांबवायचं तर रस्त्यावरून दिसेल असं काहीतरी लागतं. जहाज, खजिन्याची पेटी, पोपट, लाकडी पायाचा खलाशी हे सगळं लोकांच्या डोक्यात आधीच बसलेलं होतं. 1883 साली पुस्तकरूपात आलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरीचा आणि पुढच्या सिनेमांचा त्यात मोठा वाटा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तर हा इतिहास खराच घडला. ब्लॅकबियर्ड या कुप्रसिद्ध चाच्याने 1718 च्या मे महिन्यात चार्ल्सटन बंदर अडवून धरलं आणि ओलीस सोडण्याच्या बदल्यात औषधांची पेटी मागितली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ओक्राकोक इथं तो लढाईत मारला गेला.

कुठं बघायला मिळतं?

- मर्टल बीच, साउथ कॅरोलायना : मिनीगोल्फची राजधानी म्हणूनच हे गाव ओळखलं जातं. सुमारे शंभर किलोमीटरच्या या किनारपट्टीवर चाचे, ज्वालामुखी, डायनासोर अशा देखाव्यांची मैदानं एकापाठोपाठ एक लागतात. चार्ल्सटन इथून साधारण दीडशे किलोमीटर.
- ‘पायरेट्स कोव्ह’ची मैदानं : मेन राज्यातलं बार हार्बर, मॅसॅच्युसेट्समधलं साउथ यारमथ अशा किनाऱ्यावरच्या गावांत आहेत. धबधबा, गुहा आणि जहाज ही त्यांची ओळख.
- हेस्टिंग्ज, इंग्लंड : इथं समुद्रालगत तीन मैदानं शेजारी-शेजारी, त्यातलं एक चाच्यांचं. इंग्लंडमध्ये या खेळाला ‘क्रेझी गोल्फ’ म्हणतात. 2003 पासून हेस्टिंग्जला त्याची जागतिक स्पर्धा भरू लागली.
- ग्रेट यारमथ, इंग्लंड : पूर्व किनाऱ्यावरच्या या जुन्या सहलीच्या गावातही समुद्रासमोरच चाच्यांचं मैदान आहे.

खेळताना हे लक्षात ठेवा

1. खिडकीवर तिकीट घेतलं की पटर, रंगीत चेंडू, गुणांचं कार्ड आणि पेन्सिल मिळते. पटर उंचीप्रमाणे मागून घ्यावा. लहान मुलांसाठी छोटे असतात.
2. एका गटात शक्यतो चारच जण. मागचा गट खोळंबला तर त्याला पुढं जाऊ द्यावं.
3. चेंडू पाण्यात गेला तर बहुतेक ठिकाणी एक फटका जादा धरतात आणि जिथून पडला तिथंच ठेवून पुढं खेळतात.
4. बहुतेक मैदानांवर एका होलला सहा फटक्यांची मर्यादा असते. नेमका नियम कार्डावर छापलेला असतो, तो आधी वाचावा.
5. पटर खांद्याच्या वर उचलायचा नाही. शेजारच्याला लागण्याची भीती असते.
6. थेट होलकडं मारण्यापेक्षा आधी उतार कुठं आहे ते बघावं. शेताला पाणी देताना पाणी कुठं वळेल ते जसं ताडतो, तसंच इथं.
7. उन्हाळ्यात भर दुपारी जाऊ नये, तळपायाला सिमेंट तापतं. सकाळी किंवा दिवे लागल्यावर जावं. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या कमी असलेला मार्ग कोणता, हे खिडकीवर विचारून घ्यावं.

मैदान उभं कसं राहतं?

डोंगर दिसतो तो बहुधा खरा नसतो. लोखंडी सळ्या आणि जाळीवर सिमेंट फवारून खडक तयार करतात आणि मग रंगवतात. खाली काँक्रीट, वर चिकटवलेला हिरवा कृत्रिम गालिचा. धबधब्याचं पाणी पंपाने पुन्हा-पुन्हा फिरवलं जातं, वाया जात नाही. पाणी इतकं निळं दिसतं कारण त्यात रंग टाकतात. त्याने ऊन खालपर्यंत पोचत नाही, शेवाळ कमी धरतं आणि पंपही दिसत नाही. पण खारी हवा लोखंड खाते, ऊन गालिचा विटवतं आणि वादळाचा धोका कायम. कमाई मात्र सुट्टीच्या चार-पाच महिन्यांची. हंगाम पावसात गेला तर मालकाची गत कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षा वेगळी नसते.

नातवंडांना सांगण्यासारखं

या मैदानांवर ब्लॅकबियर्ड, कॅप्टन किड अशी नावं खेळातली वाटतात, पण त्यांच्या धंद्यात माणसं लुटली गेली, मेली. त्याची झळ आपल्या बाजूच्या समुद्रालाही लागली. 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे मोगल जहाज लुटलं. यात्रेकरूंवर अत्याचार झाले. चिडलेल्या औरंगजेबाच्या राज्यात सुरतेतल्या इंग्रज कंपनीच्या लोकांना कैद झाली. एव्हरी कधीच सापडला नाही. विल्यम किडने 1698 मध्ये मलबारच्या समुद्रात ‘क्वेदा मर्चंट’ जहाज धरलं. त्याला 1701 साली लंडनमध्ये फाशी झाली.

आणि याच काळात इंग्रजांनी ‘चाचा’ हा शिक्का सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरही मारला. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख होते. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावं, म्हणजे परवाना घ्यावा, हा त्यांचा नियम. तो इंग्रजांना मान्य नव्हता. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही. 1729 मध्ये कान्होजींचं निधन झालं, त्यांची समाधी अलिबागला आहे.

तेव्हा काळ्या निशाणाखाली चेंडू मारून झाला, आइस्क्रीम खाऊन झालं की आजोबांनी नातवाला एवढं जरूर सांगावं. कोण चाचा आणि कोण सरखेल, हे कागद कुणी लिहिला त्यावरही ठरतं.