पीटरचा ससा आणि आमची ठकी

ठकी आमच्याकडे आली तेव्हा तिच्या मागच्या पायाला जखम होती आणि एका कानाचा तुकडा गायब होता. वाघोलीच्या रस्त्यावर चार-पाच कुत्र्यांनी तिला घेरलं होतं, तिथून बायकोनं तिला उचलून आणलं. माणसांशी एकदम लाघवी. पण दुसरं कुत्रं दिसलं की बाईसाहेबांच्या अंगात यायचं. दोन महिन्यांत शेजारच्या लॅब्रॅडॉरच्या कानाला तीन टाके पडले आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी सांगून टाकलं, "पुन्हा असं झालं तर तिची दुसरीकडे सोय करा." दुसरीकडे म्हणजे परत रस्त्यावर, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

मग ट्रेनर शोधणं आलं. पहिले गृहस्थ लोखंडी साखळी घेऊनच आले. "सर, तिला वाटतंय तीच लीडर आहे. तुम्ही अल्फा बनायला पाहिजे." दुसरं कुत्रं दिसलं की मानेला जोरात हिसका, असा कार्यक्रम. तीन आठवड्यांत ठकी गुरगुरायची थांबली. आम्ही खूश! आणि एका सकाळी अजिबात आवाज न करता तिनं थेट झेप घेतली. पट्टा हाताला गुंडाळलेला होता म्हणून वाचलो.

म्हणजे बघा, बग तिथेच होता. आम्ही फक्त एरर मेसेज बंद केला होता.

दुसऱ्या ट्रेनरबाई आल्या त्या उकडलेल्या चिकनचा डबा घेऊन. समोरच्या कुत्र्यापासून पन्नास पावलं लांब उभं राहायचं. ते दिसलं की चिकन सुरू, ते दिसेनासं झालं की चिकन बंद. बस्स. मला वाटलं, एवढ्यासाठी एवढी फी? संशयी स्वभाव असल्यामुळे मी दोन वीकेंड या दोन्ही पद्धतींचा इतिहास वाचत बसलो.

साखळीवाली पद्धत आली पोलीस आणि लष्कराकडून. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट याचं कुत्र्यांना शिकवण्याचं पुस्तक १९१० साली आलं. त्यात सक्तीवर भर होता. १९६२ साली अमेरिकेत विल्यम कोहलर या डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी तयार करणाऱ्या ट्रेनरचं पुस्तक आलं आणि साखळीचा हिसका घरोघरी पोचला. 'अल्फा'चं प्रकरण मात्र वेगळं. रुडॉल्फ शेंकेलनं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे बघून १९४७ साली त्यांच्यातल्या मारामाऱ्या आणि वरचष्मा याबद्दल लिहिलं. पिंजऱ्यात कोंडलेले लांडगे हो, जंगलातले नव्हे! डेव्हिड मेक या शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना आणखी पसरली. पुढे त्यानंच एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पोरं, एवढंच. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा असं तो प्रकाशकाला सांगत राहिला. स्वतःचा कोड चुकीचा निघाला म्हणून तो मागे घ्या म्हणणारा माणूस मला तरी विरळाच वाटतो.

चिकनवाल्या पद्धतीचा उगम मात्र कुत्र्यांत नाहीच. तो आहे लहान मुलांत.

१९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या पोराला पांढरा उंदीर दाखवला आणि त्याच वेळी त्याच्या मागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणला. असं काही वेळा केल्यावर पोरगं नुसता उंदीर बघून रडायला लागलं. त्याची भीती घालवायची राहूनच गेली. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेनं उलट प्रयोग प्रसिद्ध केला. जेमतेम तीन वर्षांचा पीटर सशाला घाबरायचा. तिनं त्याला खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला आणि पिंजऱ्यातला ससा खाण्यात व्यत्यय येणार नाही इतका लांब ठेवला. मग तो हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाला गोंजारायला लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे यानं घाबरलेल्या मांजरांवर असंच काम केलं आणि १९५८ च्या पुस्तकात त्यातून माणसांसाठी उपचार मांडले.

हे वाचताना मी चहा बाजूला ठेवला. ठकीला आधीच कुत्र्यांची भीती. त्यात कुत्रं दिसलं की मानेला हिसका. म्हणजे आम्ही तीन आठवडे पैसे देऊन तिच्यावर अल्बर्टचाच प्रयोग करत होतो. हातोडा माझ्या हातात होता.

आणि फी कशाची, तेही जोन्सबाईंनी लिहून ठेवलंय. ही पद्धत नाजूक आहे. ससा घाईनं जवळ आणला तर भीती जाण्याऐवजी खाऊचीच भीती बसेल. ट्रेनर जे बघतो ते हेच: कान, शेपटी, तोंड कधी मिटलं, आणि आज किती पावलं.

आता प्रश्न उरला, सगळी कुत्री सुधारतात का? २००७ साली अमेरिकेत व्हर्जिनियात मायकल विक या फुटबॉलपटूच्या जागेवरून झुंजीसाठी पाळलेली पन्नासच्या आसपास पिट बुल कुत्री जप्त झाली. अशी कुत्री मारून टाकायची असाच तोवरचा रिवाज होता, आणि काही मोठ्या प्राणी संघटनांचंही तेच मत होतं. पण कोर्टानं एकेका कुत्र्याची तपासणी करवली. आक्रमकपणामुळे मारावं लागलं ते फक्त एक. २२ कुत्री युटातल्या बेस्ट फ्रेंड्स या संस्थेकडे गेली. विकला त्यांच्या देखभालीसाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरावे लागले. बरीच कुत्री घरोघरी गेली, काही इतर कुत्र्यांसोबतही राहिली. काहींनी मात्र सगळं आयुष्य आश्रमातच काढलं. सगळ्यांना एकच निकाल लावता आला नाही, हीच त्या प्रकरणातली मोठी गोष्ट.

ठकीला आठ महिने झाले. पन्नास पावलांची आता बारा झालीत. ती कधीच दुसऱ्या कुत्र्याशी खेळणार नाही, ट्रेनरबाईंनी ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. लिफ्टमध्ये शिरण्याआधी मी अजून डोकावतो, आणि बाहेर पडताना तिच्या तोंडाला जाळीचा मझल असतोच.

पण परवा गेटपाशी तो लॅब्रॅडॉर आला. ठकीनं त्याच्याकडे पाहिलं, थोडी ताठली... आणि मान वळवून माझ्या खिशाकडे बघायला लागली. सेक्रेटरीकाका तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत. त्या दिवशी मी सगळा डबा रिकामा केला.