सायखेड्याहून विलायतेस

निफाड तालुक्यात चांदोरीच्या समोर वसलेल्या सायखेड्याच्या घाटावरून वाहणारे गोदावरीचे पाणी राजमहेंद्रीच्या पुढे समुद्रास मिळते; परंतु तो समुद्र ओलांडणारी माणसे या मुलखात विरळाच झाली, आणि याचे कारण विचारले असता शिकलीसवरली मंडळी हटकून समुद्रयाननिषेधाचे नाव घेतात. हे उत्तर मला अर्धेच खरे वाटते.

निषेध होता यात संशय नाही. बौधायनाने समुद्रसंयानाची गणना पतनीय कर्मांत केली, कलिवर्ज्यांतही द्विजांची नौयात्रा आली. या निषेधाचा जाच पाहावयास दूर जावयास नको. सायखेड्याच्या वरच्या अंगास आनंदवल्लीस ज्यांचे वास्तव्य होते आणि खालच्या अंगास कोपरगावी 1783 मध्ये ज्यांचा अंत झाला, त्या रघुनाथरावांनी पेशवाईच्या दाव्यापायी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील, मण्यार पितापुत्र या दोघा पारशांसह, इंग्लंडास रवाना केला होता. 1781 साली ही मंडळी तेथे असता सोवळ्यातला स्वयंपाक करावा कोठे, हा प्रश्न पडला. तेव्हा पार्लमेंटाचा सभासद एडमंड बर्क याने बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेतले काचघर त्यांना मोकळे करून दिले. विलायती रोपट्यांच्या कुंड्या बाजूस सारून पेशव्यांचा वकील तेथे चूल पेटवीत असेल, हे चित्र मला त्या निष्फळ वकिलातीच्या साऱ्या राजकारणाहून अधिक बोलके वाटते. परतल्यावर सुवर्णयोनीतून बाहेर पडून पुनर्जन्माचा विधी त्या वकिलास करावा लागला, अशी हकीकत त्या काळच्या एका लेखकाने नोंदविली आहे. पुढे शंभर वर्षांनीही हा प्रायश्चित्ताचा दंडक पुरता ढिला झाला नव्हता: खुद्द निफाडात जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांना 1890 मध्ये ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि तो चहा तर पुण्यातलाच होता.

परंतु हा सारा खटला द्विजांचा. नांगर धरणाऱ्या कुणब्यामराठ्यास शास्त्र्यांनी समुद्राविषयी कधी विचारले नाही, आणि सरकारास गरज पडली तेव्हा कोणी आडवेही आले नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी बसऱ्यास उतरल्या. डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत कुट-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात त्यांतील शिपाई उपासमारीने झिजले. बोट सरकारी, शिधा सरकारी, हुकूमही सरकारी. अशी रवानगी झाली की धर्म बुडत नसे. मग ज्याला कोणी रवाना केले नाही तो का गेला नाही? त्याच्याजवळ रोकड नव्हती, आणि शेत दुसऱ्याच्या हवाली करून जाण्याजोगी उसंत नव्हती.

स्वराज्यात कागदाचीही अडचण आली. पासपोर्ट देणे न देणे ही दीर्घकाळ सरकारची मर्जी होती. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमनाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असा निवाडा दिला, तेव्हा त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला. तरीही परदेशप्रवासाच्या परवानगीचा रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म होताच, आणि सत्तरीच्या दशकात सामान्य प्रवाशास हाती जेमतेम आठ डॉलर घेऊन विमानात बसावे लागे. बौधायनाचे प्रायश्चित्त एक वेळ परवडले असते.

आता ते निर्बंध सैल झाले, पैसाही काही घरांत आला आहे. तरी द्राक्षबागाइतदाराचे वर्ष पाहावे: एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबराच्या सुमारास गोडीछाटणी, मग डावणी-भुरीच्या धास्तीने फवारण्या, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी. यात महिनाभराची रजा कोठे बसवावी, ते ज्याचे त्याने शोधावे. समुद्रापार जातात ती द्राक्षे: बागेची नोंदणी होते, मण्यांतील औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो, आणि माल न्हावाशेव्याहून बोटीने रॉटरडॅमकडे निघतो. निर्यातीसाठी नोंदलेल्या त्या बागेचा क्रमांक पेटीवर छापलेला असतो. बागाइतदार त्या वेळी पुढच्या प्लॉटच्या काढणीवर उभा असतो.