भिंतीकडेच्या मुलींचं नाचमंडळ



नागपंचमीला, मंगळागौरीला आपण फुगडी धरतो, झिम्मा खेळतो. बाईचा हात बाईच्या हातात असतो. कुणी पुरुष येऊन "चल" म्हणेल याची वाट बघावी लागत नाही. अमेरिकेत जोडीनं नाचायच्या समारंभात मात्र रीत अशी, की मुलानं मुलीला विचारायचं. जिला कुणी विचारलं नाही, ती भिंतीला टेकून बसून राहायची. अशा मुलीला तिकडे 'वॉलफ्लॉवर' म्हणतात, म्हणजे भिंतीकडेचं फूल.

१९७५ साली ऑरेगॉन राज्यातल्या युजीन गावात काही तरुणींनी नाचाचं मंडळ काढलं आणि हिणवायचं तेच नाव आपणहून घेतलं : 'वॉलफ्लॉवर ऑर्डर'. क्रिसी कीफर, नीना फिक्टर, लॉरेल निअर या त्यातल्या काही जणी. मंडळाला मालक नव्हता, दिग्दर्शकही नव्हता. आपल्या गटात ठराव होतो तसं सगळ्या मिळून ठरवायच्या. नाचात युद्धकला होती, अभिनय होता, बोलणं होतं, बहिऱ्या माणसांची खुणांची भाषाही होती.

त्यांचा नाच बघायला कोण यायचं? मुख्यतः बाया, आणि त्यात मोठा वाटा होता समलिंगी स्त्रियांचा, म्हणजे ज्यांचं प्रेम बाईवरच जडतं अशा बायांचा. तो काळ त्यांना कठीण होता. १९७३ पर्यंत अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अशा प्रेमाला आजार म्हणत. घटस्फोटाच्या खटल्यात एवढ्या एका कारणावरून आईकडून मुलं काढून घेतली जात. म्हणून या बायांनी आपली जागा आपणच उभी केली. १९७३ मध्ये 'ऑलिव्हिया रेकॉर्ड्स' ही बायांची गाण्यांची कंपनी निघाली. १९७६ पासून मिशिगनमध्ये दरवर्षी फक्त बायांचा संगीत मेळा भरू लागला. वॉलफ्लॉवरचा नाच याच मातीत रुजला.

पण सगळ्यांनी मिळून चालवायचं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. रुसवे आले, मतभेद झाले. १९८४ मध्ये मंडळ फुटलं. त्याच वर्षी कीफर आणि फिक्टर यांनी कॅलिफोर्नियात 'डान्स ब्रिगेड' सुरू केली. मंडळ मोडलं, पण काम मोडलं नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात 'डान्स मिशन' हे नाट्यगृह उभं राहिलं. तिथं लहानमोठे सगळे नाच शिकतात, आणि मुलींचं वेगळं पथकही आहे.

२००० साली कीफर यांच्या आठ वर्षांच्या मुलीला शहरातल्या एका नामांकित बॅले शाळेनं अंगकाठीवरून प्रवेश नाकारला. उंची-वजनावरून कुणाला डावलू नये, असा कायदा त्याच वर्षी शहरानं केला होता. कीफर यांनी शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. नाचायला शरीर कसं हवं आणि ते ठरवणार कोण, यावर वर्तमानपत्रांत मोठा वाद झाला. भिंतीकडेला बसवलेल्या मुलींचाच तो प्रश्न होता, पंचवीस वर्षांनी पुन्हा आलेला.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी प्रेम हा गुन्हा नाही. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते नवतेजसिंग जोहर भरतनाट्यमचे नर्तक आहेत. पण कायदा बदलला म्हणून घर लगेच बदलत नाही. एखादी मुलगी "मला लग्नच करायचं नाही" म्हणते, तेव्हा आपण तिला कारण विचारतो का, की सरळ स्थळं बघायला लागतो? येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की यावर पाच मिनिटं बोला. आणि बोलताना एवढं ध्यानात ठेवा, की ती मुलगी त्याच बैठकीत, भिंतीला टेकून बसलेली असू शकते.