येरवड्यातलं ‘मुक्तांगण’

लेखक अनिल अवचटांची गर्द या अमली पदार्थावरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हेलावले. त्यांच्या देणगीतून १९८६ साली पुण्यात, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

गर्दसाठी उघडलेल्या या दारातून लवकरच दारूचे रुग्णही आत येऊ लागले. त्याच रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञ आणि अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी व्यसनी माणसाला गुन्हेगार नव्हे, आजारी मानलं. मुक्तांगणचं खरं मोठेपण इथंच आहे. पस्तीस दिवसांचा मुक्काम, योगासनं, गटचर्चा, समुपदेशन. व्यसन सुटलेले कितीतरी जण पुढे तिथंच समुपदेशक झाले. पिणाऱ्याइतक्याच पिचलेल्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला.

१९९७ साली अनिताताई गेल्या; पुढे लेक मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली.

घरात कुणी पीत असेल, तर दटावत बसू नका. उपचारांपर्यंत न्या.